वेष्टनावरचे नाव : व्हिडिओ गेम उद्योगातील स्त्रियांचा विसरवलेला इतिहास

१९८२ सालच्या अखेरीस अमेरिकेतील दुकानांत 'रिव्हर रेड' नावाचा एक व्हिडिओ गेम विक्रीस आला. नदीच्या पात्रावरून उडणारे लहानसे विमान, दोन्ही काठांना हिरवी जमीन, वाटेत आडव्या येणाऱ्या बोटी, हेलिकॉप्टरे आणि पूल. आणि इंधन संपण्यापूर्वी पुढचा साठा गाठण्याची धडपड. दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. हा गेम ज्या व्यक्तीने घडवला तिचे नाव वेष्टनावर छापलेले होते : कॅरोल शॉ. प्रकाशक कंपनी होती ॲक्टिव्हिजन.

२० जुलै २०२१ रोजी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात कॅलिफोर्निया राज्याच्या एका विभागाने दिवाणी दावा दाखल केला. स्त्री कर्मचाऱ्यांना कमी वेतन, बढतीत डावलणे, लैंगिक छळ, आणि तक्रार करणाऱ्यांवर सूड असे आरोप त्यात होते. प्रतिवादी कंपनीच्या नावातला पहिला शब्द तोच होता : ॲक्टिव्हिजन.

या दोन घटनांमध्ये एकोणचाळीस वर्षांचे अंतर आहे. एका बाजूला स्त्रीचे नाव अभिमानाने मिरवणारे वेष्टन, दुसऱ्या बाजूला ज्यात एकाही पीडित स्त्रीचे नाव नाही असा दावा. मधल्या काळात काय घडले, त्याचा हा धागा.

सर्वसाधारण समजूत अशी की व्हिडिओ गेम हे मुळात पुरुषांचे क्षेत्र. स्त्रिया तेथे उशिरा आल्या, आणि नव्याने येणाऱ्यांना जो त्रास होतो तो त्यांनाही झाला. ही समजूत मोठी सोयीची आहे, कारण तीत दोष कोणाचाच नसतो. इतिहास मात्र तिला साथ देत नाही. स्त्रिया या उद्योगाच्या पायाभरणीच्या वेळीच हजर होत्या. पुढच्या प्रत्येक पिढीला आपणच पहिल्या आहोत असे वाटत राहिले, कारण आधीच्या पिढीची नावे पुसली गेली होती. ती कशी पुसली गेली, हा या इतिहासाचा खरा विषय आहे.

आरंभ अटारीपासून करावा लागतो. ही कंपनी १९७२ साली नोलन बुशनेल आणि टेड डॅब्नी यांनी कॅलिफोर्नियात स्थापन केली. त्याच वर्षी आलेल्या 'पाँग'ने तिला नाव मिळवून दिले आणि १९७६ साली वॉर्नर कम्युनिकेशन्सने ती विकत घेतली. या कंपनीचा एक शिरस्ता होता : गेमवर तो घडवणाऱ्याचे नाव छापायचे नाही. नाव प्रसिद्ध झाले तर प्रतिस्पर्धी माणसे पळवतील, आणि नाव झालेला माणूस जास्त पैसे मागेल, हा त्यामागचा हिशेब. पुढे अध्यक्ष झालेले रे कासार हे वस्त्रोद्योगातून आलेले गृहस्थ. प्रोग्रामरांनी श्रेय आणि वाटा मागितला, तेव्हा त्यांनी त्यांची तुलना टॉवेलांची नक्षी काढणाऱ्यांशी केली, अशी आठवण त्या प्रोग्रामरांनी नंतर सांगितली आहे. वॉरन रॉबिनेट नावाच्या एका प्रोग्रामरने 'ॲडव्हेंचर' या गेममध्ये गुप्त खोली तयार करून तिच्यात आपले नाव लपवून ठेवले, ते याच शिरस्त्याला उत्तर म्हणून. चार जण तर १९७९ साली राजीनामा देऊन बाहेर पडले आणि त्यांनी नवी कंपनी उभारली. तीच ॲक्टिव्हिजन. घडवणाऱ्याचे नाव वेष्टनावर छापायचे, हे तिचे जन्मापासूनचे धोरण होते.

त्याच अटारीत स्त्रियांच्या नावांचा उपयोग मात्र होत असे, आणि तो वेगळाच होता. घरगुती 'पाँग' यंत्राला विकासाच्या काळात जे गुप्त नाव दिले होते, ते कंपनीतील एका स्त्री कर्मचाऱ्याचे. अटारी ४०० आणि ८०० या संगणकांची गुप्त नावे कँडी आणि कोलीन. तीही कार्यालयातील सचिव स्त्रियांवरून ठेवल्याचे सांगितले जाते. यंत्राला स्त्रीचे नाव चालत होते. यंत्रावर चालणाऱ्या कामाखाली कोणाचेच नाव चालत नव्हते.

कॅरोल शॉ १९७८ साली अटारीत रुजू झाल्या. बर्कलीच्या विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्रातील पदवी व पदव्युत्तर पदवी घेऊन आलेल्या या तरुणीने 'पोलो' या जाहिरातीसाठीच्या गेमपासून काम सुरू केले. तो बाजारात आलाच नाही. त्यानंतर त्रिमितीय फुली-गोळ्याचा गेम त्यांनी केला. एकदा अध्यक्ष कासार प्रयोगशाळेची फेरी करत असताना त्यांची ओळख झाली. अखेर आपल्याला एक स्त्री गेम-रचनाकार मिळाली, आता ती सौंदर्यप्रसाधनांच्या रंगसंगतीचे आणि गृहसजावटीचे गेम करू शकेल, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी आनंदाने काढले. पुष्कळ वर्षांनी एका मुलाखतीत हा प्रसंग सांगताना शॉ यांनी एवढेच म्हटले की या दोन्ही विषयांत त्यांना तिळमात्र रस नव्हता.

हा प्रसंग सौम्य आहे. यात कोणी कोणाला धमकावले नाही, हात लावला नाही. कासार यांना बहुधा आपण कौतुकच करत आहोत असे वाटले असेल. तरीही पुढच्या चाळीस वर्षांचे बीज त्यात आहे. समोर उभी असलेली व्यक्ती अभियंता आहे, हे अध्यक्षांना दिसलेच नाही. त्यांना दिसली ती केवळ स्त्री.

अभियंता कोणत्या प्रतीची होती, हे 'रिव्हर रेड'ने दाखवले. अटारी २६०० या यंत्राची चालती स्मृती होती अवघी १२८ बाइट, आणि गेमच्या कार्ट्रिजमध्ये जागा ४ किलोबाइट. आजच्या मोबाइलवरील एखाद्या फोटोला त्याच्या शेकडो पट जागा लागते. एवढ्या जागेत नदीचा लांबलचक प्रवाह साठवणे अशक्यच. शॉ यांनी तो साठवलाच नाही. आकड्यांच्या एका ठरावीक गणिती क्रमातून नदीचे काठ, बेटे आणि शत्रू खेळतानाच निर्माण होतील अशी योजना त्यांनी केली. क्रम दर वेळी तोच, म्हणून नदीही तीच. पण ती कोठेही लिहून ठेवलेली नाही. दृश्य साठवण्याऐवजी नियमातून निर्माण करण्याचे हे तंत्र आज मोठमोठ्या गेममध्ये सर्रास वापरले जाते.

शॉ यांनी १९८४ मध्ये ॲक्टिव्हिजन सोडले. मग त्या आपल्या जुन्या संगणक कंपनीत परतल्या आणि १९९० साली तरुण वयातच निवृत्त झाल्या.

डोना बेली यांची कथा इतकी सुरळीत नाही. मोटारींच्या उद्योगात मायक्रोप्रोसेसरसाठी प्रोग्राम लिहिण्याचे काम सोडून त्या १९८० साली अटारीच्या आर्केड विभागात आल्या. नाणे टाकून खेळायची मोठी यंत्रे तेथे तयार होत. त्या विभागात प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या एकट्या स्त्री होत्या. विभागात एक वही होती आणि तीत गेमच्या कल्पना टिपलेल्या असत. बहुतेक कल्पना युद्धाच्या, लेसरच्या. एका ओळीत मात्र अनेक खंडांचा एक किडा पडद्यावर उतरतो आणि त्याचे एकेक खंड मारायचे, एवढेच लिहिले होते. किड्याला मारणे इतके काही वाईट नाही, असे बेली यांना वाटले. एड लॉग यांच्यासह त्यांनी केलेला 'सेंटिपीड' १९८१ साली आला. मोरपंखी, गुलाबी, फिकट हिरवे असे रंग तोवर आर्केडमध्ये कोणी पाहिले नव्हते. हा गेम खेळण्यासाठी स्त्रियाही मोठ्या संख्येने नाणी टाकू लागल्या आणि 'सेंटिपीड' अटारीच्या सर्वाधिक यशस्वी यंत्रांत गणला गेला.

वर्षभरातच बेली अटारीतून बाहेर पडल्या, आणि काही काळाने त्या उद्योगातूनच अदृश्य झाल्या. सहकाऱ्यांची टीका आणि दबाव त्यांना नकोसा झाला होता, हे त्यांनी नंतर सांगितले. सुमारे पंचवीस वर्षे त्यांचा पत्ताच कोणाला नव्हता. २००७ च्या सुमारास त्या पुन्हा एका परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा श्रोत्यांतील कित्येक तरुणींना 'सेंटिपीड'च्या निर्मितीत एक स्त्री होती हेच ठाऊक नव्हते.

अटारीच्या वातावरणाविषयी एक गुंतागुंतीची गोष्ट येथेच सांगायला हवी. गरम पाण्याच्या टबात बसून घेतलेल्या बैठका, दारू, गांजा हे सारे त्या कंपनीच्या दंतकथांचा भाग आहे, आणि बुशनेल यांनी स्वतः मुलाखतींतून त्या दंतकथा रंगवून सांगितल्या. जानेवारी २०१८ मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सने त्यांना 'पायोनियर' पुरस्कार जाहीर केला. त्या मुलाखतींचा दाखला देत लगेच आक्षेप आले, आणि दुसऱ्याच दिवशी पुरस्कार मागे घेण्यात आला. बुशनेल यांनी निर्णयाचे स्वागत केले आणि कोणी दुखावले असल्यास क्षमा मागितली. यानंतर एका पत्रकार स्त्रीने त्या काळी अटारीत काम केलेल्या स्त्रियांनाच गाठून विचारले. त्यांतील अनेकींना पुरस्कार काढून घेणे पटले नव्हते. ते वातावरण मोकळे होते, काळ तसा होता, आम्हांला तेथे संधी मिळाली, असे त्यांचे म्हणणे होते.

या साक्षीकडे दुर्लक्ष करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण साक्षीला एक मर्यादाही आहे. ज्या टिकल्या, रमल्या आणि चाळीस वर्षांनी आनंदाने आठवणी सांगायला उपलब्ध होत्या, त्यांची ती साक्ष. बेली यांचीही आठवण त्याच कंपनीची आहे. दोन्ही खऱ्या असू शकतात. मोकळेपणाचा खर्च कोणाच्या नावावर पडतो, हे त्या मोकळेपणात सुखी असलेल्यांना नेहमीच दिसते असे नाही.

शॉ आणि बेली या काही अपवाद नव्हत्या. रॉबर्टा विल्यम्स यांनी १९८० साली 'मिस्टरी हाउस' रचला आणि चित्रांसह कथा सांगणाऱ्या साहसी गेमांची परंपराच सुरू केली. जपानमध्ये रिएको कोदामा यांनी १९८४ मध्ये सेगात प्रवेश केला आणि 'फँटसी स्टार' मालिकेला रूप दिले. मात्र गेमच्या नामावलीत त्या 'फिनिक्स रिए' या टोपणनावाने दिसतात, कारण माणसे पळवली जाऊ नयेत म्हणून खरी नावे न देण्याची चाल तिकडेही होती. ती चाल स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होती, हे खरे. परंतु नाव नसले की वाचणारा त्या जागी पुरुषच गृहीत धरतो.

मग उद्योगाचे रूप पालटले कसे? त्यातील निर्णायक वळण १९८३ चे आहे. बाजारात निकृष्ट गेमांचा पूर आला आणि अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. सुमारे ३२० कोटी डॉलरची उलाढाल १९८५ पर्यंत १० कोटींच्या आसपास घसरली, असे सांगितले जाते. दुकानदार व्हिडिओ गेम या शब्दालाच बिचकू लागले. अशा वेळी जपानी कंपनी निन्टेन्डोने १९८५ साली आपले यंत्र अमेरिकेत आणले ते खेळणे म्हणून, सोबत एक छोटा रोबोट देऊन.

ही युक्ती व्यापारी दृष्ट्या बिनतोड होती. पण खेळण्यांच्या दुकानात दोन रांगा असतात, मुलांची आणि मुलींची. आणि वस्तूला एका रांगेत उभे राहावेच लागते. गेम मुलांच्या रांगेत गेले. तेथून जाहिराती मुलांसाठी, मासिके मुलांसाठी, आणि मग मुलांना आवडेल तेच घडवायचे, असे चक्र सुरू झाले. १९८९ साली आलेल्या हातातल्या यंत्राचे नावच 'गेम बॉय'. याच काळात घरगुती संगणकाचेही असेच झाले. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण १९८० च्या दशकाच्या मध्यास सुमारे ३७ टक्के होते. तेथून ते उतरत पुढे १८ टक्क्यांच्या घरात आले. त्या वीस-पंचवीस वर्षांत वैद्यक आणि कायदा या शाखांत स्त्रिया वाढत होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे ही घसरण स्वाभाविक म्हणता येत नाही.

मुलींना गेम आवडत नाहीत, हा सिद्धान्त १९९० च्या दशकात अधूनमधून खोटा ठरत होता. १९९६ साली आलेल्या बार्बीच्या कपड्यांच्या गेमने दोन महिन्यांतच पाच लाखांहून अधिक प्रतींचा खप गाठला. ब्रेंडा लॉरेल यांनी मुलींचे प्रत्यक्ष निरीक्षण करून 'पर्पल मून' ही कंपनी काढली. तीन वर्षांत ती बंद पडून बार्बीच्या मालक कंपनीकडे गेली. मुलींसाठी स्वतंत्र गुलाबी रांग, एवढाच धडा बाजाराने यातून घेतला.

अशा रीतीने तयार झालेली पिढी पुढे दोन ठिकाणी पोचली. एक, कंपन्यांच्या खुर्च्यांत. दोन, ग्राहकांच्या घोळक्यात. आपण घराचे मूळ मालक आहोत आणि स्त्रिया या नंतर आलेल्या पाहुण्या आहेत, असे दोघांनाही मनापासून वाटत होते.

ग्राहकांच्या बाजूने त्याचा स्फोट आधी झाला. २०१२ साली समीक्षक अनिता सार्कीझियन यांनी गेममधील स्त्रीप्रतिमांवर चित्रफिती करण्यासाठी लोकांकडून सहा हजार डॉलर मागितले. धमक्या आणि शिवीगाळ यांचा मारा झाला, आणि त्याला उत्तर म्हणून जवळजवळ एक लाख एकोणसाठ हजार डॉलर जमले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्विटरवर एक साधा प्रश्न विचारला गेला : गेम घडवणाऱ्या स्त्रिया इतक्या कमी का? उत्तरादाखल शेकडो स्त्रियांनी आपापले एकेक कारण लिहिले. परिषदेत आपल्याला कोणाची तरी पत्नी किंवा स्वागतिका समजले जाते, अशा बारीकसारीक गोष्टींपासून थेट अंगचटीला येण्यापर्यंतची.

ऑगस्ट २०१४ मध्ये 'गेमरगेट' नावाने ओळखली गेलेली मोहीम सुरू झाली. निमित्त होते झोई क्विन यांच्या माजी जोडीदाराने लिहिलेल्या एका दीर्घ मजकुराचे. नैराश्यावरील एका छोट्या गेमच्या निर्मात्या असलेल्या क्विन यांनी अनुकूल परीक्षणासाठी एका पत्रकाराशी संबंध ठेवले, असा आरोप त्यातून पसरवला गेला. त्या पत्रकाराने त्या गेमचे परीक्षण कधी लिहिलेच नव्हते. ते तपासायला पाच मिनिटे पुरली असती, पण मोहिमेला तपासाची गरज नव्हती. पत्रकारितेतील नीतिमत्ता हे घोषवाक्य राहिले आणि प्रत्यक्षात पत्ते उघड करणे, बलात्काराच्या व खुनाच्या धमक्या देणे चालू झाले. निर्मात्या ब्रायना वू यांना ऑक्टोबरमध्ये घर सोडावे लागले. त्याच महिन्यात युटा राज्यातील विद्यापीठात सार्कीझियन यांचे व्याख्यान होते. ते झाले तर गोळीबार करू अशी धमकी आली. सभागृहात शस्त्रे आणण्यास मनाई करावी ही त्यांची विनंती राज्याच्या कायद्यामुळे मान्य होऊ शकत नव्हती. व्याख्यान रद्द झाले.

या काळात मोठ्या कंपन्या बहुतांशी गप्प राहिल्या. ग्राहक कोण आहे याचा त्यांचा अंदाज १९८५ सालचाच होता. अमेरिकेत खेळणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रिया आहेत, असे उद्योगाच्याच संघटनेची आकडेवारी सांगत असतानाही.

कंपन्यांच्या आत काय चालले होते ते हळूहळू बाहेर आले. जून २०१४ मध्ये फ्रेंच कंपनी युबिसॉफ्टने 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या गेममध्ये एकत्र खेळताना स्त्री-पात्र निवडता येणार नाही असे सांगितले. स्त्रीच्या हालचाली चित्रित करायचे काम दुप्पट होते, हे कारण. त्याच मालिकेवर पूर्वी काम केलेल्या एका अनुभवी ॲनिमेटरने हे काम एक-दोन दिवसांचे आहे, असे जाहीरपणे लिहिले. त्यावर पुष्कळ थट्टा झाली आणि विषय संपला. पण सहा वर्षांनी, २०२० च्या उन्हाळ्यात, युबिसॉफ्टच्या पॅरिस मुख्यालयातील छळाच्या तक्रारी वृत्तपत्रांत आल्या, तेव्हा त्या जुन्या थट्टेला वेगळा अर्थ आला. गेममध्ये स्त्रीला स्थान किती द्यायचे हे ज्या सर्जन विभागातून ठरत होते, त्याच विभागाच्या प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला. जुलै २०२५ मध्ये पॅरिसजवळील बोबिन्यी येथील न्यायालयाने तीन माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवून निलंबित कारावासाच्या शिक्षा आणि दंड सुनावले. पुण्यात २००८ पासून याच कंपनीचा स्टुडिओ आहे. पॅरिसच्या मुख्यालयात ठरलेले धोरण ज्यांच्या मेजावर येऊन पडते त्यांत मराठी माणसेही आहेत.

लॉस एंजेलिसच्या रायट गेम्सची हकिकत ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील एक प्रसंग लक्षात राहण्यासारखा आहे. तेथील एका स्त्री कर्मचाऱ्याने बैठकीत एक कल्पना मांडली. कोणी दखल घेतली नाही. मग तिने प्रयोग म्हणून एका पुरुष सहकाऱ्याला तीच कल्पना, काहीही न बदलता, काही दिवसांनी मांडायला सांगितली. सारी खोली वाहवा करू लागली. पुढे खटला झाला. एक कोटी डॉलरची तडजोड ठरत आली होती, ती राज्याच्या विभागाने फारच अपुरी म्हणून अडवली. डिसेंबर २०२१ मध्ये रक्कम ठरली दहा कोटी.

या साऱ्यात एक कायदेशीर कलम वारंवार भेटते, आणि ते समजून घेतल्याशिवाय हा इतिहास पुनःपुन्हा का विसरला गेला हे कळत नाही. अमेरिकेतील अनेक कंपन्यांच्या नोकरीच्या करारात सक्तीच्या लवादाची अट असे. कंपनीशी वाद झाला तर न्यायालयात जायचे नाही, खासगी लवादापुढे जायचे. सुनावणी बंद दाराआड, निकाल बहुधा गोपनीय. परिणाम असा की प्रत्येक स्त्रीला फक्त स्वतःचे प्रकरण माहीत. शेजारच्या मेजावरच्या स्त्रीने तीन वर्षांपूर्वी त्याच माणसाविरुद्ध तीच तक्रार केली होती, हे तिला कळण्याचा मार्गच नाही. अटारीने वेष्टनावरून नाव काढले होते. या अटीने तक्रारीवरून नाव काढले. मे २०१९ मध्ये रायटचे दीडशेहून अधिक कर्मचारी काम थांबवून बाहेर आले ते याच अटीविरुद्ध.

आता पुन्हा ॲक्टिव्हिजन. येथे एक खुलासा आवश्यक आहे : २०२१ ची कंपनी ही शॉ यांची कंपनी जशीच्या तशी नव्हे. मूळ ॲक्टिव्हिजन १९८० च्या दशकाअखेर डबघाईला आली, तिने नाव बदलले, मग बॉबी कॉटिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेतली व जुने नाव परत लावले. २००८ च्या विलीनीकरणानंतर ती ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड झाली. टिकून राहिले ते नाव.

राज्याने दोन वर्षांहून अधिक काळ चौकशी करून दावा केला होता. स्त्रिया कर्मचाऱ्यांच्या सुमारे २० टक्के. सर्वोच्च पदांवर पुरुष. समान कामाला सुरुवातीपासून कमी वेतन, हे त्यात होते. दारू पिऊन सहकारी स्त्रियांच्या मेजांभोवती रांगत फिरण्याच्या प्रथेचे वर्णन होते. मुलाला पाळणाघरातून आणायला जाणाऱ्या आईला बोलणी खावी लागत. स्तनपानासाठी राखलेल्या खोलीतून स्त्रियांना उठवून तेथे बैठका घेतल्या जात, असेही दाव्यात म्हटले होते. छळाच्या ठळक आरोपांपुढे ही शेवटची बाब किरकोळ वाटते. पण जागा कोणाची आहे याचे उत्तर तिच्यात सर्वांत स्वच्छ दिसते.

कंपनीचे पहिले उत्तर असे की हे चित्र विकृत आणि बऱ्याच ठिकाणी असत्य आहे. एका वरिष्ठ अधिकारी स्त्रीनेच कर्मचाऱ्यांना त्या अर्थाचे पत्र पाठवले. आग विझण्याऐवजी भडकली. हजारांहून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या आणि २८ जुलैला अर्व्हाइन येथील ब्लिझर्डच्या आवाराबाहेर शेकडो जण उभे राहिले. त्यांच्या मागण्यांत पहिली होती सक्तीचा लवाद रद्द करण्याची. ब्लिझर्डचे अध्यक्ष ऑगस्टमध्ये पायउतार झाले. त्यांच्या जागी दोन जण संयुक्तपणे नेमले गेले. त्यांपैकी जेन ओनील या त्या कंपनीच्या सर्वोच्च पदावर आलेल्या पहिल्या स्त्री. तीन महिन्यांत त्यांनी पद सोडल्याचे जाहीर झाले. त्याच पदावरील पुरुष सहकाऱ्याएवढे वेतन आपल्याला राजीनामा दिल्यानंतरच देऊ केले गेले, असे त्यांनी सहकाऱ्यांना सांगितल्याचे वृत्त आले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीने छळ आणि भेदभावाच्या तक्रारींसाठी सक्तीच्या लवादाची अट मागे घेतली. मार्च २०२२ मध्ये लैंगिक छळाच्या प्रकरणांत अशी सक्ती अमेरिकेच्या कायद्यानेच रद्द केली. तो कायदा साऱ्या उद्योगांसाठी आहे. केवळ गेममुळे तो झाला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल.

संघराज्याच्या समान रोजगार संधी आयोगाशी १ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली. कॅलिफोर्निया राज्याशी डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ५ कोटी ४९ लाखांवर. या दुसऱ्या तडजोडीचा मजकूर बारकाईने वाचण्यासारखा आहे. वेतन आणि बढतीतील तफावतीसाठी पैसे आहेत, पण व्यापक लैंगिक छळाचे आरोप राज्याने मागे घेतले. कोणत्याही न्यायालयाने किंवा स्वतंत्र चौकशीने असा व्यापक छळ सिद्ध केलेला नाही, असे त्यात नमूद आहे. आरोपांची सत्यासत्यता साक्षीपुराव्याच्या कसोटीवर कधी लागलीच नाही. दोन महिन्यांपूर्वीच मायक्रोसॉफ्टने ही कंपनी सुमारे ६,८७० कोटी डॉलरला विकत घेतली होती. भरपाईस पात्र ठरल्या त्या ऑक्टोबर २०१५ ते डिसेंबर २०२० या काळात कॅलिफोर्नियात काम केलेल्या स्त्रिया. त्याआधी सोडून गेलेल्यांची गणना कोठेच नाही.

कॅरोल शॉ यांना २०१७ साली उद्योगाने जीवनगौरवाचा सन्मान दिला. त्याच वर्षी त्यांनी आपली जुनी सामग्री न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरच्या खेळ-संग्रहालयाला देऊन टाकली. कार्ट्रिजे, आराखडे, आणि 'रिव्हर रेड'ची कागदावर छापलेली मूळ संगणकीय संहिता. ज्या नदीचे काठ कोठेच लिहून ठेवलेले नव्हते, ती निर्माण करणारे आकडे आता तेथे जपून ठेवलेले आहेत.